जुनी पिकअप आणि गोव्याचा पाऊस : वायरिंग व सायलेन्सरची दुरुस्ती, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

ॲक्सिलरेटरची केबल कधी गरम होते का? माझ्या पिकअपची होत होती. सकाळी चावी फिरवली की सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) कण्हत कण्हत फिरायचा, दुसऱ्या-तिसऱ्या दमात गाडी चालू व्हायची, आणि बॉनेट उघडून पाहावं तर ॲक्सिलरेटरच्या केबलवरचं प्लास्टिक मऊ पडलेलं. त्याआधी एका गॅरेजच्या सांगण्यावरून मी नवी बॅटरी घातली होती, सेल्फ खोलून त्याला आतून करंट पोचवणारे नवे कार्बन बसवले होते. दुखणं तसंच. शेवटी डिचोलीतल्या एका वयस्क वायरमनने गाडीखाली हात घालून इंजिन आणि चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा) यांना जोडणारी अर्थची, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणारी, पट्टी नुसती ओढली. ती हातातच आली. आतल्या तांब्याच्या जाळीची हिरवी भुकटी झाली होती. "बाबा, बॅटरी काय करणार? करंटला परत यायला वाटच नाही," ते म्हणाले. सेल्फचा करंट ॲक्सिलरेटरच्या तारेतून परत जात होता, म्हणून ती तापत होती.

त्या दिवसापासून एक गोष्ट मी मनाशी पक्की धरली आहे, आणि हा सगळा लेख तिच्याच आधारावर आहे. गोव्यातल्या जुन्या गाडीत पार्ट बिघडतो त्याच्या कितीतरी आधी जोड बिघडतो. इथे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. किनाऱ्याकडे हवेत मीठ, आत सत्तरी-डिचोलीकडे तांबडा चिखल. गाडी पूर्वी मासळीच्या धंद्यात असेल तर बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं फाळक्यातून (मागच्या मालाच्या हौद्यातून) चासीवर गळलेलं असतं. म्हणून नवीन वस्तू विकत घेण्याआधी जोड तपासायचा, मोजायचा, आणि मगच पाकीट उघडायचं.

हे मार्गदर्शन जुन्या, साध्या डिझेल पिकअपसाठी आहे: महिंद्राची जुनी बोलेरो पिकअप, टाटा २०७ आणि त्या वर्गातल्या गाड्या. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या सरकारी नियमांचा सहावा टप्पा) गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये धुराची काजळी अडवणारा फिल्टर आणि सेन्सर असतात. तिथे घरी कापाकापी करू नका.

आधी अवजारं आणि सुरक्षितता

फार काही लागत नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, ८ पासून १९ मिलिमीटरपर्यंतचे पाने, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, गंज सैल करायचा स्प्रे, थोडी पेट्रोलियम जेली, जंपर केबलची जोडी. डोळ्यांना चष्मा हवाच. गाडीखाली झोपून सायलेन्सरला हात लावला की गंजाचे पापुद्रे थेट डोळ्यांत येतात.

गाडी जॅकवर उचलून कधीही खाली शिरू नका. आपल्याकडची अंगणं मातीची, पावसात जॅक एका बाजूला हळूच रुततो आणि कळतही नाही. जॅकखाली जाड फळी द्या, चासीखाली दोन्ही बाजूंनी लोखंडी स्टँड लावा, जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. बॅटरीच्या प्लसला पाना लागलेला असताना तोच पाना किंवा हातातलं कडं बॉडीला टेकलं तर क्षणात लालबुंद होतं. बॅटरी सोडवताना आधी मायनस काढायचा, जोडताना मायनस शेवटी. गाडी चालू असताना बॅटरीची केबल काढून "अल्टरनेटर चालतो का" हे पाहायची जुनी पद्धत आहे. ती करू नका, बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरमधले डायोड जातात.

पायरी १ : बॅटरीला आधी विचारा

गाडी रात्रभर उभी असू द्या. सकाळी काहीही चालू न करता मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरीच्या दोन खांबांवर टेकवा. १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली. १२ किंवा खाली म्हणजे जवळपास रिकामी. अशा बॅटरीवर पुढची कुठलीही परीक्षा घेऊ नका, आधी चार्ज करून आणा.

मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटरकडे पाहा. सेल्फ फिरताना व्होल्टेज ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ अडकतो आहे. बॅटरी १२ वर छान उभी आणि तरी सेल्फ नुसता "खट्" करतो, असं असेल तर दोष बहुतेक वेळा मधल्या वाटेत असतो.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसत असेल तर खायचा सोडा गरम पाण्यात कालवून ओता. फेस येऊन ती विरघळते. बॅटरीची झाकणं मात्र घट्ट बंद ठेवा, सोडा आत जाता कामा नये. मग टर्मिनल काढा. वरून स्वच्छ दिसलं म्हणून सोडू नका, खांबाचा बाहेरचा आणि क्लॅम्पचा आतला भाग पॉलिश पेपरने घासून शिसं चकचकीत दिसेपर्यंत साफ करा. घट्ट बसवा आणि जेली नंतर वरून लावा.

पायरी २ : अर्थ मोजा

या पायरीवर जरा थांबतो, कारण आपल्याकडचे निम्मे चुकीचे खर्च इथे वाचतात.

सेल्फ फिरताना दीडशे-दोनशे अँपिअर किंवा त्याहून जास्त करंट ओढतो. समजा वाटेतल्या एखाद्या गंजलेल्या जोडात फक्त ०.०१ ओहम अडथळा आहे. मीटरच्या ओहम रेंजवर तो दिसणारसुद्धा नाही. पण २०० अँपिअर गुणिले ०.०१ म्हणजे २ व्होल्ट तिथेच खर्च झाले. बारा व्होल्टच्या गाडीत दोन व्होल्ट म्हणजे सहावा हिस्सा. म्हणून अर्थ ओहममध्ये मोजायचा नसतो, काम चालू असताना व्होल्टमध्ये मोजायचा असतो.

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनस खांबावर, क्लॅम्पवर नव्हे, थेट शिशाच्या खांबावर. लाल पिन इंजिनाच्या ब्लॉकवर एखाद्या स्वच्छ, रंग नसलेल्या बोल्टला. आता दुसऱ्याने तीन-चार सेकंद सेल्फ मारायचा. गाडी चालू होऊ शकते, तेव्हा तुमचे हात, बाही आणि मीटरच्या वायरी पंखा-बेल्टपासून लांब हव्यात. मीटर ०.२ व्होल्टपर्यंत दाखवत असेल तर अर्थ चांगला. ०.५ च्या वर गेलं तर दोष सापडला.

आता तो नेमका कुठे आहे? लाल पिन बॅटरीपासून एकेक मुक्काम पुढे न्या. क्लॅम्पवर, मग केबलच्या दुसऱ्या टोकाच्या लगवर (बोल्टखाली बसणाऱ्या कडीवर), मग चासीवर, मग इंजिनावर. ज्या दोन मुक्कामांमध्ये आकडा एकदम उडी मारतो तिथे गंज बसला आहे. प्लसच्या बाजूलाही हेच करा. लाल पिन बॅटरीच्या प्लस खांबावर, काळी सेल्फच्या जाड बोल्टवर. सेल्फ फिरताना अर्धा व्होल्टपर्यंत चालतं.

मीटर हाताशी नसेल तर जंपर केबल घ्या. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनाच्या जाड लोखंडाला. सेल्फ एकदम जोराने फिरला तर अर्थच गेलेला आहे.

दुरुस्ती सोपी आहे पण कामचलाऊ करायची नाही. जुना बोल्ट काढा, चासीवरचा रंग आणि गंज नाण्याएवढ्या जागेत घासून चांदीसारखं लोखंड उघडं करा, नवीन बोल्ट आणि दातेरी वॉशर लावून आवळा, वरून ग्रीस. केबलचा काळा कोट दाबून पाहा. आत कुरकुर झाली किंवा फुगीर लागलं तर तांबं आतून सडलेलं आहे, ती केबल बदला. म्हापसा किंवा फोंड्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात लांबी सांगितली की दोन्हीकडे लग प्रेस करून जाड केबल तयार मिळते. ३५ स्क्वेअर मिलिमीटरच्या खालची घेऊ नका. मी बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनावर एक जास्तीची केबल टाकली आहे. त्यानंतर सेल्फची तक्रार आलेली नाही.

पायरी ३ : चार्जिंग

गाडी चालू करून थोडी रेस द्या आणि बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. मग हेडलाइट, वायपर, पंखा सगळं चालू करा. आकडा १३ च्या वर टिकला पाहिजे. १५ च्या वर जात असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला आहे, आणि तो बॅटरी उकळवून मारेल.

आकडा १२.५ च्या आसपासच घुटमळत असेल तर लगेच अल्टरनेटर खोलायला देऊ नका. आधी बेल्ट बघा. लांब बाजूच्या मध्यावर अंगठ्याने दाबला की साधारण सेंटीमीटरभर दबावा. पावसात सकाळी चर्र आवाज येतो तो सैल बेल्टचा. मग डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा. चावी ऑन केल्यावर तो पेटतो का? अनेक जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला जागं करणारा पहिला करंट याच बल्बमधून जातो. बल्ब उडाला तर अल्टरनेटर निरोगी असूनही चार्ज करत नाही. दहा-वीस रुपयांच्या बल्बसाठी अल्टरनेटर रिवाइंड केलेले लोक मला माहीत आहेत.

अल्टरनेटर काढायचीच वेळ आली तर एक लक्षात ठेवा. या डिझेल गाड्यांत बऱ्याचदा ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच मागे बसवलेला असतो. त्याला ऑइलचे पाइप आणि व्हॅक्यूमचा होज जोडलेला असतो. परत बसवताना होज सैल राहिला तर ब्रेक दगडासारखा कडक होतो. रस्त्यावर यायच्या आधी अंगणातच ब्रेक चार वेळा दाबून पाहा.

पायरी ४ : दिवे

ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मिणमिणतो. इंडिकेटर दिला की टेललाइट उघडझाप करते. अशी भूतचेष्टा दिसली की समजायचं, त्या दिव्याचा अर्थ तुटला आहे आणि करंट शेजारच्या बल्बमधून वाट काढतो आहे.

पिकअपचे मागचे दिवे फाळक्याच्या खाली, चाकाच्या चिखलाच्या माऱ्यात असतात. गेल्या वर्षी श्रावणात मी माझ्या डाव्या टेललाइटची काच उघडली. आत बोटभर तांबडं पाणी. अर्थचा छोटा स्क्रू स्क्रूड्रायव्हर टेकवताच भाकरीच्या तुकड्यासारखा तुटला. बल्बच्या बुडाला हिरवा थर. होल्डर घासला, अर्थसाठी वेगळी काळी वायर थेट चासीच्या साफ बोल्टवर नेली, काचेखालचं रबर बदललं आणि होल्डरच्या अगदी खालच्या कोपऱ्यात पाणी निघून जायला बारीक भोक पाडलं. ते भोक फार महत्त्वाचं आहे. पाणी आत येणारच, त्याला बाहेर जायला वाट हवी.

हेडलाइट मंद असतील तर बल्बच्या पाठीमागे व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १४ आणि बल्बवर ११.५ असेल तर मधले अडीच व्होल्ट जुन्या स्विचमध्ये आणि बारीक वायरमध्ये जळत आहेत. जुन्या गाड्यांत हेडलाइटचा पूरा करंट स्टिअरिंगवरच्या स्विचमधून जातो. दोन ६० वॅटचे बल्ब म्हणजे १० अँपिअर. उपाय म्हणजे रिले, छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीच्या प्लसवरून २० अँपिअरच्या फ्यूजमधून २.५ स्क्वेअर मिलिमीटरची वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, ८७ वरून हेडलाइटला, ८६ ला जुन्या स्विचची वायर, ८५ अर्थला. हाय आणि लो साठी वेगवेगळे रिले. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला. १०० वॅटचे बल्ब टाकून उजेड वाढवायला जाऊ नका, होल्डर वितळतात आणि समोरचा आंधळा होतो.

फ्यूज उडाला की सिगारेटच्या पाकिटाची चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळणं थांबवा. फ्यूज उडतो कारण बहुतेक वेळा वायर कुठेतरी घासली आहे. जाड तार लावली की फ्यूजऐवजी वायर जळते, आणि ती डिझेलच्या पाइपजवळून जात असते. पट्टीच्या फ्यूजचे रंग पाठ करा: १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा.

जोड देताना वायरी पिळून वर टेप, हे आपल्या हवेत एक पावसाळासुद्धा टिकत नाही. धातूच्या छोट्या नळीत दाबून नीट क्रिंप करा, वर गरम केल्यावर आवळणारी नळी चढवा, मग प्लास्टिकच्या खाचदार पाइपमध्ये घाला. पावसाळ्यात उंदीर उबेसाठी बॉनेटमध्ये येतात. नारळ किंवा काजू वाहणाऱ्या गाडीत तर हमखास. दर पंधरा दिवसांनी टॉर्च घेऊन बॅटरीच्या खाली आणि फायरवॉलपाशी (इंजिन व केबिनमधल्या पत्र्यापाशी) वायरी पाहा.

पायरी ५ : उभ्या गाडीत बॅटरी उतरते तेव्हा

चवथीला गाडी पाच दिवस उभी राहिली आणि सहाव्या दिवशी मेलेली सापडली, ही नेहमीची कथा. सगळं बंद करा, दारं लावा, बॅटरीचा मायनस काढा. मीटर १० अँपिअरच्या रेंजवर, लाल वायर १० अँपिअरच्या खाचेत. एक पिन मायनस खांबावर, दुसरी काढलेल्या केबलवर. या अवस्थेत चुकूनही सेल्फ मारू नका, मीटर जळेल. आकडा ०.०५ अँपिअरच्या आत हवा. ०.५ दिसला तर दिवसाला १२ अँपिअर-तास गेले, म्हणजे पाच दिवसांत ६०. पिकअपची बॅटरी तेवढ्यात संपते.

आता फ्यूज एकेक करून काढा. जो काढल्यावर आकडा पडतो त्या वाटेवर चोर आहे. बहुतेक वेळा आधीच्या मालकाने थेट बॅटरीवर जोडलेला गाण्यांचा टेप किंवा फाळक्यातला दिवा निघतो. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच असेल तर मायनस काढलेला असतानाच अल्टरनेटरची जाड वायर सोडा, तिला टेप गुंडाळून बाजूला ठेवा आणि परत मोजा. आकडा पडला तर डायोड गळतो आहे.

पायरी ६ : सायलेन्सर, आणि आधी श्वासाचं

आवाज वाढला म्हणून लोक सायलेन्सरकडे बघतात. मी म्हणेन, आधी वासाकडे बघा. केबिनमध्ये धुराचा वास येत असेल, लांबच्या फेरीनंतर डोकं दुखत असेल, मळमळत असेल, तर गाडी त्याच दिवशी थांबवा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. आपल्याला येतो तो बाकीच्या धुराचा वास, आणि तोच इशारा समजायचा. पळत्या गाडीच्या केबिनमागे हवेचा दाब कमी होतो आणि खालून गळणारा धूर मागच्या खिडकीतून, गिअरच्या फाटक्या रबरातून, पायाखालच्या उघड्या भोकांतून आत ओढला जातो. पावसात मागे ताडपत्री बांधून माणसं बसवली तर धूर ताडपत्रीखाली कोंडतो. मूर्ती आणायला जाताना मुलं मागे बसतात, तेव्हा हे डोक्यात ठेवा. सायलेन्सरचं काम होईपर्यंत मागे कुणी नको. आणि बंद शेडमध्ये इंजिन चालवून कसलीच तपासणी नको.

गळती शोधायची ती इंजिन थंड असताना, पहाटे. चालू करून लगेच मदतनिसाने जाड हातमोजे घालून, ओल्या कापडाचा बोळा शेपटीच्या पाइपवर पाच-सात सेकंद धरायचा. मशीन गुदमरवायचं नाही, नुसता दाब वाढवायचा. तुम्ही बाजूने वाकून ऐका, पुढून मागे: मॅनिफोल्ड (इंजिनालाच बसवलेला धुराचा पहिला भाग), बेंड पाइप, मधला लवचीक जाळीचा तुकडा, सायलेन्सरचा डबा, शेपटी. जिथे फुस्स होतं तिथे बहुधा काजळीचा काळा पंखाही उमटलेला असतो. मग इंजिन बंद करून डब्यावर पान्याने हलकेच ठोका. टणक आवाज आला तर पत्रा जिवंत आहे. भद्द आवाज आला आणि आत खडखडलं तर आतले पडदे सुटले आहेत.

डबा बाहेरून ठीक आणि आतून सडलेला, असं का होतं? डिझेल जळताना पाण्याची वाफ तयार होते. गाडी रोज बाजार ते घर चार-पाच किलोमीटरच चालत असेल तर मागचा डबा कधी नीट तापतच नाही, वाफ आतच थिजते, धुरातल्या गंधकाशी मिळून आंबट पाणी होतं आणि पत्रा खातं. अशा गाडीला आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग पळवा. रायबंदर-चोडण फेरीबोटीवर किंवा मासळीच्या जेटीवर जाणं-येणं असेल तर घरी आल्यावर खालून गोड्या पाण्याचा फवारा मारा, पण गरम सायलेन्सरवर नको, निवल्यावर.

पायरी ७ : गळतीची दुरुस्ती

मॅनिफोल्डची गळती ओळखू येते. थंड असताना टिक-टिक-टिक, गरम झाल्यावर आवाज कमी, कारण लोखंड फुगून फट मिटते. जोडातलं पॅकिंग बदलायचं तर खरा शत्रू गंजलेला स्टड, म्हणजे इंजिनाच्या हेडमध्ये बसवलेला आट्यांचा दांडा. आदल्या संध्याकाळी स्प्रे मारा, सकाळी परत मारा. नट सरळ उलटा फिरवू नका. पाव फेरा उलट, थोडा सुलट, असं खेळवत काढा. जोर लावला आणि स्टड हेडमध्ये तुटला तर ते काम घरचं राहत नाही, लेथवाल्याकडे द्यायचं. नवीन नट तांबट रंगाचे, तांब्याचा मुलामा असलेले घ्या आणि आट्यांना उष्णता सोसणारं कॉपर ग्रीस लावा. आवळताना मध्यापासून सुरू करून दोन्ही कडांकडे जा, दोन-तीन फेऱ्यांत.

पाइपला भोक पडलं असेल तर मफलर पेस्ट आणि पत्र्याची पट्टी घरी पोचवण्यापुरती. कायमचं करायचं तर चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं आणि बाहेरून बसणारा पाइपचा तुकडा चढवून वेल्डिंग. जस्ताचा मुलामा असलेला पाण्याचा पाइप स्वस्त म्हणून कुणी सुचवतं. नको. वेल्डिंगच्या उष्णतेने जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि वेल्डरला थंडी-ताप भरतो.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही केबल काढा. वेल्डरची अर्थची चिमटी पाइपलाच, जोडाच्या अगदी जवळ लावून घ्या. लांब चासीला लावली तर वेल्डिंगचा करंट वाटेतल्या बेअरिंगमधून, अल्टरनेटरमधून फिरतो. लवकर आटपायच्या घाईत वेल्डर हे टाळतात, म्हणून स्वतः उभे राहून बघा. डिझेलची टाकी, डिझेलचा पाइप आणि ब्रेकचा पाइप कुठून गेलाय ते आधी पाहून मधे ओलं गोणपाट धरा, शेजारी पाण्याची बादली आणि वाळू ठेवा.

लटकवणाऱ्या रबरांकडे कुणी बघत नाही. माझ्या एका शेजाऱ्याच्या गाडीत मागचं रबर तुटलं, त्याने तारेने बांधलं, चोर्ला घाटात तार तुटली आणि पाइप टेललाइटच्या वायरींवर जाऊन टेकला. वायरींचा कोट वितळला, फ्यूज उडाला आणि घाटात अंधार. लोक वायरमनला शोधत होते आणि दोष होता एका रबराचा. रबर नवीनच घाला, आणि सायलेन्सरच्या वाटेवर कुठेही वायर, ब्रेकचा पाइप किंवा डिझेलचा होज चार बोटांपेक्षा जवळ असू नये. तिथे जागाच नसेल तर मधे पत्र्याची ढाल ठोका. चासीला मारतो तो डांबरी थर पाइपवर मारायचा नाही, तो जळतो आणि केबिनभर वास येतो.

धूर आणि पीयूसी

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. खाणपट्ट्यातल्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीत आधी एअर फिल्टर काढून बघा, तांबड्या धुळीने तो विटेसारखा झालेला असतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटकडे जा. हे दोन्ही सायलेन्सर बदलून जात नाहीत.

बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धुराचा काळेपणा मोजायचं एकक), बीएस-४ ला ५०. तपासणीला थंड गाडी नेऊ नका, पंधरा-वीस मिनिटं पळवून तापवून न्या. पाइप मधेच गळत असेल तर शेपटीशी घेतलेलं रीडिंग खरं नसतं, म्हणून आधी गळती, मग पीयूसी. मालवाहू गाडीचं फिटनेस आठ वर्षांनंतर दरवर्षी करावं लागतं, तिथे दिवे आणि सायलेन्सर दोन्ही बघतात. ही सगळी कामं मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरकलेली बरी, जूनमध्ये ओल्या अंगणात गाडीखाली झोपणं कठीण.

काम झाल्यावर गाडी रिकामीच अर्धा तास फिरवा, घरी आणून पूर्ण निवू द्या, आणि मॅनिफोल्डचे व क्लॅम्पचे सगळे नट परत एकदा आवळा. नवीन पॅकिंग पहिल्या तापण्यात दबतं आणि नट सैल पडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी, चावी लावायच्या आधी, बॅटरीवर मीटर टेकवून आकडा वहीत तारखेसह लिहा. मग माल भरा.